दोन चित्स्के

हार्लिंगनच्या वाचनालयात दर मंगळवारी सातला
हीटर कुरकुरू लागतो, आणि वीब्रन येतो.
एकाहत्तर वर्षांचा, होड्या बांधणारा,
बोटांच्या पेरांत अजून डांबर.
एकेक कळ दाबतो
आणि खिळा नीट बसला का, ते वाकून पाहतो.

पहिल्याच दिवशी त्यानं त्या रेघांबद्दल विचारलं.
शब्दाच्या अलीकडे दोन, पलीकडे दोन. कशाला?
मी म्हटलं, ही भाषेनं स्वतःसाठी राखलेली नावं.
तुम्ही लिहून ठेवायचं फक्त,
वेळ आली की तीच हाक मारते.
"असं. दोन दोर नाळेला, दोन पिछाडीला.
परक्यानं सोडू नयेत."

इनिट म्हणजे जन्म, असं त्याला वाटत होतं.
मलाही वाटायचं.
पण तिच्या आधी न्यू येऊन गेलेली असते,
कोरा सांगाडा उभा करून, हवाली करून.
इनिट येते ती नंतर: लांबी, लाकूड, नाव.
आणि जाताना ती काहीही परत देत नाही,
द्यायला गेली तर पायथन चिडतो.
"बरोबर आहे. रंगाऱ्यानं होडी घरी न्यायची नसते."

आणि न्यूनं भलत्याच क्लासचं काही हातात ठेवलं तर?
मग इनिट तिकडे फिरकतच नाही.
यावर तो खूप हसला.
त्याच्या वडिलांनी एकदा फसलेल्या सांगाड्याचं
कोंबड्यांचं खुराडं केलं होतं.
त्याला कुणी नाव दिलं नाही.

मग त्यानं दोन होड्या केल्या.
दोन्ही ओकच्या, दोन्ही अकरा मीटर,
दोघींचं नाव चित्स्के. आईचं.
एक त्याची, एक भावाची, डाउवेची.
इक्यूमध्ये लिहिलं: नाव तेच, लांबी तीच, लाकूड तेच,
तर समान.
पडद्यावर आलं, खरं.
तो बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत राहिला.

दोघींना एका सेटमध्ये ठेवायला गेला, तर घेईना.
तुम्ही बरोबरी स्वतः ठरवलीत ना, मी म्हटलं,
तेव्हाच तिचा हॅश गेला.
आता न बदलणारी एक खूण द्या.
आणि ज्या समान, त्यांची खूण एकच हवी.

पुढच्या मंगळवारी कोट न काढताच बसला.
"नाव नाही चालणार. नाव खरवडून दुसरं रंगवतात.
लांबीही नाही. डाउवेनं त्याची
दीड मीटरनं वाढवली. मला न विचारता."
मग?
"तळाच्या कण्यावर आकडा कोरलेला असतो.
माझी एकोणचाळीस. त्याची चाळीस."

मला सांगावंच लागलं:
मग इक्यूनंही तोच आकडा बघायला हवा,
आणि मग त्या समान उरत नाहीत.
"मला कळलं," तो म्हणाला.
चष्मा पुसला, पुन्हा पुसला,
इक्यूमधल्या तीन ओळी खोडल्या, एक लिहिली.
सेटनं दोघींना घेतलं.
लेनला विचारलं. दोन.

"आणि ती डेल? ती कधी येते?"
तिचा भरवसा नसतो.
पण कुणी एकानं नाव धरून ठेवलं असेल
तोवर नाव जात नाही.
त्यानं मान हलवली. टेक्सेलच्या बाजूचं काही बोलला नाही,
त्या नोव्हेंबरचंही नाही.

साडेआठला खेस्के दिवे मालवत आली.
तो रेप्र लिहीत होता, म्हणजे कुणी विचारलं
तर वस्तूनं स्वतःबद्दल काय सांगायचं, ते.
चित्स्के, चाळीस, डाउवे हुक्स्त्रा, साडेबारा मीटर.

साडेबारा,
त्यानं बोट टेकवून मला दाखवलं.
लांबी बदलून घेतली होती.